लाल दुव्याची बाजू

वर्ष बदललं की एका विशिष्ट गद्याचा हंगाम येतो. लोकांनी मिळून चालवलेला कोणताही ज्ञानप्रकल्प घ्या, मग तो कोश असो, नकाशा असो की जुन्या पुस्तकांचं टंकन असो, आणि त्याची ‘वार्षिक उद्दिष्टं’ वाचा. वाक्यं साधारण या धर्तीची असतात: लेखसंख्या वाढवण्यात येईल. गुणवत्तेवर भर दिला जाईल. नवीन सदस्यांना प्रोत्साहन देण्यात येईल. महिलांचा सहभाग वाढवला जाईल. वाचताना डोळा घसरत पुढे जातो, कारण अडावं असं काही नसतंच. आपण कथेची समीक्षा करतो, कवितेची करतो, वेबसिरीजची तर फारच करतो. या गद्याकडे मात्र कुणी वळत नाही. खरं तर आपल्या भाषेत कोणतं ज्ञान असेल आणि कोणतं नसेल, हे ठरवण्यात या कंटाळवाण्या वाक्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून ती एकदा नीट वाचून बघू.

सुरुवात व्याकरणापासून. ‘करण्यात येईल’ हा प्रयोग आपण सरकारी परिपत्रकातून उचलला. तिथे तो शोभतो, कारण त्या वाक्याच्या मागे कुणीतरी उभं असतं: एक कारकून, एक फाइल, एक लेखाशीर्ष, मार्चअखेर नावाची एक भीती. वाक्यातून कर्ता गायब असला तरी कार्यालयात तो पगारावर असतो. विकिपीडियासारख्या प्रकल्पात त्या वाक्याच्या मागे कुणीच नसतं. तिथे काम करणारा माणूस रात्री जेवण उरकून, पोर झोपल्यावर, स्वतःच्या डेटापॅकवर काम करतो. त्याला कुणी आदेश देऊ शकत नाही, रजा नाकारू शकत नाही, काढूनही टाकू शकत नाही. अशा लोकांच्या गावात ‘प्रोत्साहन देण्यात येईल’ असं लिहिलं, तर ते देणार कोण? वाक्य पूर्ण होतं आणि काम तिथेच थांबतं.

आता एक खरी संहिता घेऊ, आणि तीही या प्रकारातली बऱ्यापैकी चांगली. विकिपीडियाचा कारभार पाहणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं फेब्रुवारी २०११मध्ये २०१५पर्यंतचा आराखडा प्रसिद्ध केला. तो बंद खोलीत बसून लिहिलेला नव्हता. आधीचं वर्षभर चाललेल्या चर्चेत जगभरातल्या हजाराहून जास्त लोकांनी भाग घेतला होता. त्यातली उद्दिष्टं स्वच्छ आकड्यांत होती: १०० कोटी लोकांपर्यंत पोचायचं, लेख ५ कोटी करायचे, तपासलेल्या मजकुराचं प्रमाण २५ टक्क्यांवर न्यायचं, महिन्याला पाच किंवा अधिक संपादनं करणारे लोक २ लाख करायचे, संपादकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण दुप्पट करून २५ टक्के आणि जगाच्या दक्षिणेकडच्या, म्हणजे आपल्यासारख्या देशांतल्या संपादकांचं ३७ टक्के करायचं.

ही यादी मला आवडते, कारण तिच्यात गुळमुळीतपणा नाही. पण तिचं पुढे काय झालं ते पाहा. लेखांचा आकडा मुदतीत नाही, तरी आणखी काही वर्षांनी ओलांडला गेला. आज सगळ्या भाषांचे विकिपीडिया मिळून ६ कोटींहून जास्त लेख आहेत. २ लाख संपादक मात्र मुदतीत जमले नाहीत आणि स्त्रियांचं प्रमाणही २५ टक्क्यांपर्यंत पोचलं नाही. मशीनच्या मदतीनं गाठता येण्याजोगं उद्दिष्ट गाठलं गेलं. ज्याला माणसं लागतात ते राहून गेलं. कागदावर दोन्ही उद्दिष्टं शेजारी-शेजारी, एकाच टायपात छापलेली होती. आकड्यांच्या भाषेत लेख आणि माणूस सारखेच दिसतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

*

मशीनच्या मदतीनं म्हणजे कसं? मराठी विकिपीडियावर बॉटला ‘सांगकाम्या’ म्हणतात. कुणी सुचवला ठाऊक नाही, पण शब्द फर्मास आहे. सांगकाम्या सांगितलेलं काम करतो, न सांगितलेलं करत नाही आणि का करायचं हे विचारत नाही.

व्होलाप्युक नावाची एक कृत्रिम भाषा आहे. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूनं ती १८७९-८०च्या सुमारास तयार केली. आज ती येणारे लोक जगभरात मोजके उरले आहेत. २००७मध्ये या भाषेचा विकिपीडिया काही महिन्यांत १ लाख लेखांच्या पुढे गेला आणि पहिल्या पंधरा-वीस भाषांच्या पंक्तीत जाऊन बसला. एका भाषाप्रेमी माणसानं प्रोग्राम लिहून गावोगावच्या माहितीचे एका साच्यातले लेख तयार केले होते. हेतू प्रामाणिक होता: आकडा पाहून लोकांचं लक्ष जाईल, कुणीतरी भाषा शिकेल, लिहायला येईल. लक्ष गेलं, पण ते हा विकिपीडिया बंद करावा असा प्रस्ताव मांडणाऱ्यांचं. प्रस्ताव फेटाळला गेला, पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती लिहिणारी माणसं काही आली नाहीत.

फिलिपिन्समधली सेबुआनो ही मात्र कोट्यवधी लोकांची जिवंत भाषा आहे. लेखसंख्येत तिचा विकिपीडिया इंग्रजीच्या खालोखाल, ६० लाखांच्या वर. त्यातले बहुतांश लेख स्वेर्कर योहान्सन या स्वीडिश माणसाच्या सांगकाम्यानं माहितीच्या तक्त्यांवरून लिहिलेले आहेत: प्राण्या-वनस्पतींच्या जाती, जगभरचे डोंगर, ओढे, बेटं. तिथे नियमित लिहिणारी माणसं मूठभर. सेबू शहरातल्या एखाद्या मुलीला स्वतःच्या भाषेत दूरदेशीच्या एखाद्या ओढ्याची उंची सापडेल. तिच्या आजीच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टी सापडतील की नाही, याच्याशी त्या ६० लाखांचा काही संबंध नाही.

तिसरं उदाहरण सगळ्यात बोचरं आहे आणि त्यात सांगकाम्या नाहीच, माणूस आहे. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर एका उत्साही सदस्यानं २० हजारांहून जास्त लेख लिहिले होते. ऑगस्ट २०२०मध्ये उघड झालं, की तो अमेरिकेतला किशोरवयीन मुलगा होता, त्याला स्कॉट्स येत नव्हती आणि बारा वर्षांचा असल्यापासून तो इंग्रजी वाक्यांतले शब्द कोशातून बदलून ‘स्कॉट्स’ लेख तयार करत होता. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. लहान पोरगं मन लावून काम करत होतं. प्रश्न असा, की इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आकडा वाढत होता. आकडा वाढत असताना कुणी वाक्य वाचायला थांबत नाही. यात भाषेचंच नुकसान झालं. ‘स्कॉट्स म्हणजे स्पेलिंग चुकवलेली इंग्रजी’ असं हिणवणाऱ्यांच्या हाती आयता पुरावा आला. पुढे स्कॉट्स येणारी माणसं एकत्र बसून साफसफाई करू लागली, तेव्हा कुठे त्या प्रकल्पाला खरं मनुष्यबळ मिळालं.

*

आपण हसू नये. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि त्यावर निष्ठेनं राबलेल्या लोकांचं ऋण मोठं आहे. पण तिथली एखाद्या लहान गावाची पानं उघडून पाहा. ‘अमुक हे महाराष्ट्रातील तमुक जिल्ह्यातील तमुक तालुक्यातील एक गाव आहे’ असं एक वाक्य. खाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षकं. शीर्षकांखाली बहुतेकदा काही नाही, किंवा असलंच तर शेजारच्या गावालाही तंतोतंत लागू पडेल असं. लोकजीवन रिकामं. गणिताच्या दृष्टीनं तो एक लेख आहे. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं ती कुलूप नसलेली, पण आत काहीच नसलेली खोली आहे.

यावर उत्तर मिळतं, की काहीच नसण्यापेक्षा एक ओळ बरी. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण एका रंगात आहे.

विकिपीडियावर एखाद्या लेखात दुसऱ्या विषयाचा दुवा दिला आणि त्या विषयाचं पान अस्तित्वात असलं, तर दुवा निळा दिसतो. पान नसलं तर लाल. या लाल दुव्याला आपण उणीव समजतो. माझ्या मते कोशवाङ्मयाच्या इतिहासातली ती मोठी युक्ती आहे. छापील कोशात जे नाही ते दिसतच नाही. नोंद नसेल तर नसते, तिच्या जागी मोकळी जागा सोडत नाहीत. लाल दुवा मात्र कोशाच्या पानावरच सांगतो, की इथे काहीतरी असायला हवं, अजून नाही, कुणाला माहीत असेल तर या. एका शब्दात अज्ञानाची कबुली आणि आमंत्रण.

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. दिओमिदिस स्पिनेलिस आणि पानागिओतिस लुरिदास या दोन ग्रीक संशोधकांनी २००८मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं, की नवे लेख कुठूनही उगवत नाहीत. बहुतेकदा एखाद्या नसलेल्या लेखाकडे आधी कुणीतरी दुवा देतं आणि त्यानंतर थोड्याच काळात तो लेख लिहिला जातो, तोही बहुधा भलत्याच माणसाकडून. एक जण प्रश्न टाकून जातो, दुसरा अनोळखी माणूस उत्तर घेऊन येतो. वार्षिक उद्दिष्टांचा कागद जे साधायला बघतो ते लाल दुवा रोज, कुणाच्याही आदेशाविना करत असतो.

एका ओळीचा लेख ही जागा बुजवतो. दुवा निळा होतो, प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, आणि ज्याला त्या गावच्या बाजाराची, तळ्याची, १९७२च्या दुष्काळात तिथे काढलेल्या कामाची माहिती असते, त्याला कुणी बोलावत नाही. लेखसंख्येचं उद्दिष्ट ठेवलं की नेमकं हेच होतं. जे नाही त्याची खूणच पुसली जाते. समाजाचं अज्ञान कमी होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

*

लेखांऐवजी माणसं मोजली तर? त्याचंही एक उदाहरण आहे, आणि ते पुण्यातलं आहे.

२०११च्या उन्हाळ्यानंतर विकिमीडिया फाउंडेशननं पुण्यातल्या काही महाविद्यालयांमध्ये एक उपक्रम राबवला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत तसाच प्रयोग आधी झाला होता. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, शिक्षकांनी गुण द्यायचे. कल्पना चांगली होती. एका फटक्यात हजाराच्या आसपास विद्यार्थी आले. जगाच्या दक्षिणेकडून संपादक आणण्याचं जे उद्दिष्ट आराखड्यात होतं, त्याचं हे सरळ उत्तर होतं.

नोव्हेंबरपर्यंत तो उपक्रम आवरता घ्यावा लागला. मोठ्या प्रमाणावर मजकूर पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला निघाला. तो शोधून काढायला इंग्रजी विकिपीडियावरच्या जुन्या स्वयंसेवकांना आठवडेच्या आठवडे खपावं लागलं. ज्यांच्या वेळेवर सगळा प्रकल्प उभा होता त्यांचाच वेळ संपला.

यात विद्यार्थ्यांना झोडपणं सोपं आहे. पण आपली परीक्षापद्धत आठवा. पुस्तकातलं उत्तर जितकं जसंच्या तसं उतरेल तितके गुण जास्त, हे पहिलीपासून शिकवलेलं. गाइडमधलं उत्तर पाठ करून लिहिणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. ‘तुझ्या शब्दांत लिही आणि कुठून घेतलंस ते सांग’ ही मागणी अनेकांपुढे आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. ती शिकवायला प्रत्येकाजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. हजार विद्यार्थ्यांमागे असं किती जण बसू शकतील, हा प्रश्न उद्दिष्टात नव्हता. तिथे येणाऱ्यांचा आकडा होता, सांभाळणाऱ्यांचा नव्हता. लग्नाच्या पत्रिका हजार छापल्या आणि वाढपी चारच ठेवले, तर जेवण चांगलं असूनही पंगत उधळते.

आजही मराठी भाषा गौरव दिन आला की २७ फेब्रुवारीच्या आगेमागे कार्यशाळा होतात. सभागृह, बॅनर, सत्कार, तीन तासांचं प्रशिक्षण, फोटो. अशा कार्यक्रमाच्या अहवालात ‘उपस्थिती’ असते. पुढच्या २७ फेब्रुवारीला त्यातले किती जण अजून लिहीत आहेत, हे सांगणारा रकाना असायला हवा. तो एक रकाना आला, तर पहिल्याच वर्षी कार्यशाळेचा आकार बदलेल. शंभर खुर्च्यांऐवजी सात, आणि तीन तासांऐवजी सहा महिने.

*

बाहेरून आलेलं उद्दिष्ट नाकारणं, हाही उद्दिष्ट ठरवण्याचाच एक प्रकार आहे. हे आपल्याला शेजाऱ्यांकडून शिकता येईल. २००९ ते २०११च्या दरम्यान गूगलनं काही भारतीय भाषांमध्ये पगारी अनुवादक नेमून इंग्रजी विकिपीडियावरचे लेख भाषांतरित करून टाकायला सुरुवात केली. लेख लांबलचक, आकडा झपाट्यानं चढणारा. वरवर पाहता लॉटरीच. पण भाषा यांत्रिक होती, विषय कुणी दुसऱ्यानंच निवडलेले होते आणि चुका दाखवल्या तर उत्तर देणारं कुणी नव्हतं.

बांगला विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी हे काम थांबवलं. आमच्या दर्जाला न उतरणारा मजकूर नको, असं सरळ सांगितलं. तमिळ स्वयंसेवकांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी लेख तपासले, दोषांची यादी केली, २०१०च्या जागतिक विकि-संमेलनात ती मांडली आणि वाटाघाटी केल्या: विषय आम्ही सुचवू, भाषा सुधारायची, मग पुढे. एकानं दार लावलं, दुसऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहून अटी घातल्या. दोघांकडेही एक गोष्ट होती जी कोणत्याही आराखड्यात लिहिलेली नसते: आपल्या भाषेतला कोश कसा असावा याबद्दल स्वतःचं मत. ते मत नसेल तर उद्दिष्टं दुसरे देतात आणि आपण ती पूर्ण करतो.

‘प्रत्येक भाषेत असायलाच हवेत असे १,००० लेख’ ही अशीच एक दुसऱ्यांनी दिलेली, पण भल्या हेतूची यादी आहे. ती सगळ्या भाषांना सामाईक आहे. त्यातला लेख नसेल तर शून्य आणि असेल तर लांबीनुसार कमीजास्त, असे गुण भाषांना मिळतात. यादी उपयोगी आहे. गुरुत्वाकर्षण, लोकशाही, क्षयरोग यांवर मराठीत नीट लेख हवेतच. पण जी यादी जगातल्या सगळ्या भाषांना चालते तिच्यात आणेवारी नसणार, कुळकायदा नसणार, बलुतं नसणार. त्यांची माहिती मराठीत कुणी लिहिली नाही, तर ती दुसऱ्या भाषेतून भाषांतर होऊनही येणार नाही. सामाईक यादीत आपण शंभर टक्के मिळवले, तरी आपल्या वाट्याचं काम बाकीच राहील.

*

मराठीला कोश नवे नाहीत, त्यांची उद्दिष्टंही नवी नाहीत. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यासाठी भागभांडवल जमवून कंपनी काढली, वर्गणीदार मिळवत हिंडले आणि शेवटी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावानं स्वतःच्या उद्योगाचा हिशेबही लिहिला. त्या शीर्षकाचं व्याकरण बघा. ‘करण्यात आले’ नाही. ‘माझे’, आणि ‘बारा वर्षांचे’. कर्ता आहे, काळ आहे. पुढे वाईहून, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहू लागला. पहिला खंड १९७६मध्ये आला आणि विसावा खंड २०१५मध्ये पूर्ण झाला. पहिला खंड आला तेव्हा जगात सोव्हिएत संघ होता, विसावा आला तेव्हा तो जाऊन पाव शतक होत आलं होतं. छापील कोशाचं उद्दिष्ट लांबलं, तरी त्याला शेवट असतो. शेवटचा खंड येतो, प्रकाशन समारंभ होतो.

खुल्या कोशाला शेवट नाही, आणि त्यामुळे त्याचं मुख्य काम लिहिणं नसून राखणं आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला. त्या दिवशी जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी, वसई आणि पालघर या तालुक्यांतल्या गावांबद्दल ‘ठाणे जिल्ह्यातील’ असं लिहिलेलं प्रत्येक वाक्य खोटं झालं. कुणीही काही बिघडवलं नव्हतं. २०२३मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं बदलली, तेव्हाही तेच. शेतात पेरणी एकदाच असते, राखण रोज असते, आणि उद्दिष्टांच्या कागदावर फक्त पेरणीचे आकडे असतात. हजार नवी पानं उघडणं म्हणजे हजार पानांची राखण कायमची अंगावर घेणं. ती कोण करणार हे न ठरवता घेतलेलं उद्दिष्ट पुढच्या पिढीच्या नावावर काढलेलं कर्ज आहे.

आकड्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींनी २०००मध्ये ‘न्यूपीडिया’ काढला होता. तिथे प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात पायऱ्यांतून जायचा. दर्जाची इतकी कडक राखण करून हाती काय लागलं? जेमतेम दोन डझन लेख, आणि मग तो बंद पडला. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला विकिपीडिया वाढला तो अर्धवट, कच्चे, चुकीचेही लेख चालतील असं म्हणाल्यामुळे. तेव्हा कच्चेपणाला माझा विरोध नाही. दोन ओळींचा लेखही चालेल, त्या दोन ओळी लिहिणाऱ्याला काहीतरी माहीत असेल तर. ‘या गावचा बाजार बुधवारी भरतो’ हे एक वाक्य साच्यातल्या सहा शीर्षकांपेक्षा मोलाचं आहे, कारण ते वाचून शेजारच्या गावचा माणूस म्हणेल, ‘अहो, आता शुक्रवारी भरतो’, आणि बदलेल. कच्च्या लेखावर दुसरा माणूस येतो. पोकळ लेखावर कुणी येत नाही.

आणि शर्यतीची मजा असते हेही खरं. महिन्याभरात अमुक लेख, जिंकणाऱ्याला टीशर्ट, यानं एकट्यानं काम करणाऱ्या माणसाला सोबत मिळते. ती हिरावून घेऊ नये. फक्त शर्यत कशाची लावायची ते आपण निवडू शकतो.

मग चांगला वार्षिक कागद कसा दिसेल? माझ्या कल्पनेत तो एका पानाचा आहे. त्यात प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. ‘आम्ही पाच जण यंदा पालघरचे आठ तालुके वाचून काढू आणि चुकलेला जिल्हा दुरुस्त करू.’ ‘मी गेल्या वर्षी आलेल्या तिघांना दर महिन्याला एकदा विचारेन, कुठे अडलंय.’ ‘सर्वाधिक वाचली जाणारी पन्नास पानं कोणती ते पाहू आणि त्यातली सगळ्यात वाईट दहा आधी घेऊ.’ (कुठलं पान किती वेळा उघडलं गेलं, ते विकिपीडियावर कुणालाही पाहता येतं.) ‘ज्या शीर्षकाखाली काही नाही ते शीर्षक काढून टाकू.’ एक रकाना ‘यंदा हे करणार नाही’ असाही हवा. आणि सगळ्यात शेवटी लाल दुव्यांची यादी: आपल्याला माहीत हवं, पण अजून माहीत नाही, अशा दोनशे गोष्टी. ती यादी वर्षाअखेरीस लांबली तरी ते अपयश मानायचं नाही. आपण जास्त प्रश्न विचारायला शिकलो, असा त्याचा अर्थ घ्यायचा.

हे सगळं दहा-वीस हौशी लोकांचं अंतर्गत प्रकरण वाटेल. पण आता तुम्ही फोनला मराठीत प्रश्न विचारता आणि फोन मराठीत उत्तर देतो. ती उत्तरं रचणारी यंत्रं भाषा शिकतात ती इंटरनेटवरच्या मजकुरातून, आणि मराठीसारख्या भाषेत खुल्या मजकुराचा मोठा साठा म्हणजे विकिपीडिया. तिथे जे वाक्य हजार पानांवर साच्यातून आलं असेल ते यंत्र हजारदा वाचतं. ‘लोकजीवन’ या शीर्षकाखाली काही नसलं, तरी यंत्र लाल होत नाही. ते काहीतरी सांगतंच, आत्मविश्वासानं, शुद्ध मराठीत. मला हे माहीत नाही असं सांगायची पद्धत आपण कोशातून घालवली, तर यंत्राला ती कुठून मिळणार?

यंदा कुणी तुम्हाला संपादन-कार्यशाळेचं निमंत्रण पाठवलं तर जरूर जा. किती लेखांचं उद्दिष्ट आहे असं मात्र विचारू नका. आपल्या तालुक्यातले कोणते दुवे अजून लाल आहेत, ते विचारा. त्यातला एखादा असा निघेल की उत्तर तुम्हाला किंवा तुमच्या आत्याला माहीत असेल.